एवढा मोठा नट, आणि हा असला पिक्चर?

पडवीतून
मागच्या रविवारी चिपळूणला जाऊन एक मराठी पिक्चर बघून आले. नाव सांगणार नाही, आधीच सांगते. गेल्या वर्षी एप्रिलात त्याचं बारा दिवसांचं शूटिंग आमच्याच घरी झालं होतं. घर गुहागरच्या अलीकडे, आगरातलं, जांभ्या दगडाचं, पुढे लांब पडवी. त्यामुळे पिक्चर लागला म्हटल्यावर दोन जावा, पुतणी, शेजारच्या काकू असं सगळं लटांबर शृंगारतळीमार्गे निघालं. दीडशेचं तिकीट. आत आम्ही धरून सोळा माणसं.

पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा एका ज्येष्ठ नटाचा. त्यांच्या नाटकाला माझे वडील एसटीने रत्नागिरीला जायचे आणि रात्र स्टँडवर काढून पहाटेच्या गाडीने परत यायचे. आईला ते पटायचं नाही, पण पुढे आठ दिवस जेवताना त्या नाटकातले संवाद चालायचे. पिक्चरमध्ये ह्या नटाला मोजून पाच प्रसंग. काम गावच्या खोताचं. मध्यंतराआधीच खोत मरतो, तिरडीवर ठेवतात, कुणाचा तरी मोबाईल वाजतो आणि मयत उठून नाचायला लागतं. गॉगल घालून. पुढचं लिहवत नाही.

मागच्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "पैशाला एवढा मेलाय काय हा म्हातारा?" चारदोन जण हसले. माझे कान तापले. मागे वळून काहीतरी बोलायला हवं होतं, पण बोलणार काय? दोन मिनिटांपूर्वी माझ्याही मनात तेच आलं होतं.

आता दुसरी बाजू. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा नारळ सोलतानाचा शॉट होता. आगरात पहार रोवलेली असतेच. प्रॉडक्शनच्या पोरांनी सोललेले नारळ आणून त्यावर सोडणं (वरची सालं) परत बांधली होती, म्हणजे त्यांनी नुसती ओढायची. ह्यांनी ते बघितलं आणि विचारलं, "इथे नारळ कोण सोलतं?" आमच्याकडे सोलायला येणारे काका कडेला बिडी ओढत उभेच होते. त्यांना बोलावून घेतलं. काकांनी दाखवलं, नारळ दोन्ही हातांत धरायचा, पहारीच्या टोकावर आपटून रुतवायचा, आणि जोर मनगटाचा नाही तर खांद्याचा लावून खाली पिळायचा. तीन पिळांत सोडण निघतं. ह्यांना पहिला नारळ सोलायला पंधरा मिनिटं लागली. दुसरा घसरून पायावर पडता पडता वाचला. तिकडे दिग्दर्शक घड्याळ बघतोय, ऊन चढतंय, स्पॉटदादा छत्री घेऊन मागे मागे, आणि ह्यांचं आपलं चाललंय, "डावा हात कुठे ठेवायचा म्हणालात?" वय पंचाहत्तरच्या पुढे. अकराव्या नारळाला काका म्हणाले, "आता जमलं." मग शॉट झाला. तळहाताला फोड आले होते, मी खोबरेल तेल नेऊन दिलं.

पिक्चरमध्ये तो शॉट चार सेकंद आहे. त्यावरही पाठीमागे टुंग टुंग असा विनोदी आवाज टाकलाय.

तर मला विचारायचं ते हे. ज्या माणसाने चार सेकंदांसाठी अकरा नारळ सोलले, त्याला तो गॉगलचा नाच करताना काहीच वाटलं नसेल? आणि वाटलं असेल तर केला कशाला? मला राग आलाय, पण तो नक्की कुणाचा ते ठरत नाहीये.

खाडीपलीकडे
ताई, नाव सांगा की पिक्चरचं. निदान चुकून तरी बघणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तो मुलगा बोलला ते बरोबरच बोलला. आम्ही चार जण जातो तेव्हा तिकिटं, खाणं, रिक्षा धरून हजार-बाराशे रुपये सहज जातात. मराठी पिक्चर कशावर निवडतो? पोस्टरवरच्या नावावर. दिग्दर्शक कोण, निर्माता कोण, आम्हाला काय कळतं?

आंब्याच्या पेटीचंच बघा. वरच्या रांगेत देवगडचा हापूस, कसा सोन्यासारखा, आणि गवत बाजूला केलं की खाली कर्नाटकातला. वाशीपासून दादरपर्यंत हे सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते ह्याच भानगडीमुळे. तसे हे ज्येष्ठ नट म्हणजे पेटीची वरची रांग. आपण त्यांचं तोंड बघून पेटी घेतो आणि घरी येऊन फसतो.

कोकमसरबत
पेटी काय आंब्याने भरली? भरणाऱ्याला धरा.

चाकरमानी_डोंबिवली
आंब्याला करारावर सही करता येत नाही. नटाला येते.

खाडीपलीकडे
हे भारी होतं.

पेटारो
ताईनू, माका एक सांगाचा आसा. आमच्या कुडाळात ह्यो प्रश्न दर जत्रेक पडता. (बाकीच्यांसाठी पुढचं शुद्धात लिहितो.)

कार्तिकापासून आमच्याकडे देवळादेवळांत जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. प्रयोगाआधी पेटाऱ्याशेजारी बसून रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण स्त्रीपार्टी, कुणी कुठे यायचं. संवाद ज्याचे त्याने उभ्याउभ्या बोलायचे. त्यामुळे जुना कसलेला नट असेल तर साध्या आख्यानाचं सोनं करतो.

आता काही वर्षं ट्रिकसीनची हवा आहे. बॅनरवरच लिहिलेलं असतं, 'ट्रिकसीनयुक्त'. धूर, सांगाडा, उडतं मुंडकं. पोरं तेवढ्यासाठीच येतात. दोन वर्षांमागे एका जत्रेत असाच प्रयोग होता. आख्यान म्हणजे नुसता चिवडा, कुणाचा कोण बाप तेच कळत नव्हतं. राजा मात्र जुना. माझ्या लहानपणापासून बघतोय, आता दात गेलेत, आवाज तोच. त्याला चेटकिणीकडून मरायचं होतं आणि मरताना धूर यायचा होता. धुराची मशीन चालेना. मागे पोरांची धावपळ, वायर ओढ, बटण दाब. राजाने एकदा मागे बघितलं आणि पुढे येऊन बोलायला लागला. मुलीला सासरी पाठवलेल्या बापाचं बोलणं. आख्यानात मुलगीच नव्हती! वीस मिनिटं बोलला. हार्मोनियमवाल्याने हळूच सूर धरला. देवळात चिडीचूप, माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसतेय. आणि तेवढ्यात मशीन सुरू झाली, फट्ट करून. वाक्य अर्ध्यावर टाकून राजा पडला आणि मेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

म्हणान सांगतंय, दशावतारी नटाच्या हातात निदान दोरी असते, वाईट नाटकात घुसून तो आपल्यापुरतं चांगलं नाटक करून घेतो. तुमच्या पिक्चरवाल्याच्या हातात काय असा? त्याने अकरा नारळ सोलले, संकलकाने चार सेकंद ठेवले.

कोकमसरबत
आख्यानात मुलगीच नव्हती 😂 नतमस्तक.

पडवीतून
पेटारोभाऊ, तुमचा राजा डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या वाक्याचा शेवट काय असता, असं आता मला रात्रभर वाटत राहणार.

निवृत्त_शाखाधिकारी
नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी मुंबईच्या उपनगरातल्या एका शाखेत काढली. आमच्याकडे बरीच नाटक-मालिकावाली मंडळी खातेदार होती. नावं अर्थातच नाहीत, पण व्यवहार सांगतो, कारण लोकांना वाटतं चेहरा टीव्हीवर आहे म्हणजे घर भरलेलं आहे.

नाटकात पैसे 'नाईट'वर, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. पावसाळ्यात प्रयोग रोडावले की नाईट बंद. मालिकेत दिवसावर, आणि तो पैसा साधारण नव्वद दिवसांनी हातात. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे दिवाळीनंतर. पिक्चरमध्ये चरित्र भूमिका असेल तर बहुतेकदा ठरावीक दिवसांचे पैसे, त्यातले काही सहीला, काही शूटिंगमध्ये, आणि शेवटचा हप्ता डबिंगच्या वेळी. म्हणून जुनी मंडळी डबिंगला उभं राहायच्या आधी चेकची चौकशी करतात. डबिंग झालं की तुमची गरज संपली.

ह्यांना गृहकर्ज देताना आम्हालाच घाम फुटायचा. पगाराची स्लिप नाही, तीन वर्षांच्या रिटर्नमध्ये एक वर्ष बारा लाख आणि दुसरं दोन. मी स्वतः एका मोठ्या नावाचं प्रकरण नामंजूर केलंय आणि त्याच संध्याकाळी घरी त्यांचंच नाटक टीव्हीवर लागलं होतं. बायको म्हणाली, काय काम करतो हो हा माणूस! मी जेवून झोपलो.

अशोक सराफांनी सुरुवातीची वर्षं बँकेतली नोकरी टिकवून नाटकं केली, ती काय हौस म्हणून? श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन होते. ते सोडून पूर्ण वेळ नट झाले १९६९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर. हे धाडस सगळ्यांना परवडत नाही.

अजून एक आठवण. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर शूटिंग सुरू झालं तेव्हा राज्य सरकारच्या नियमात ६५ वर्षांवरच्या माणसाला सेटवर बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. त्यासाठी कोर्टात गेला होता एक सत्तरीतला कलाकार. दुकानदाराला दुकान उघडायला परवानगी आणि मला माझ्या कामावर जायला नाही का, असा साधा प्रश्न होता. ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन आहे, आता महिना ५००० रुपये. हृदयाच्या गोळ्यांचं बिल ज्यांना येतं त्यांनी हिशोब करावा.

चाकरमानी_डोंबिवली
साहेब, सगळं मान्य. पण गरज माझीही आहे. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकाला खराब माल देत नाही. माझं एसी दुरुस्तीचं काम आहे. जुना कॉम्प्रेसर नवा म्हणून बसवला तर लोक मला चोर म्हणतील, गरजू म्हणणार नाहीत.

निवृत्त_शाखाधिकारी
बसवणारे आहात तुम्ही. नट हा त्यातला एक पार्ट आहे. पार्ट चांगला होता, असं ताई म्हणतायत.

शेवटची_रांग
रत्नागिरीत आम्ही काही जण दर महिन्याला एकत्र बसून पिक्चर बघतो आणि नंतर भांडतो, त्यामुळे हा धागा म्हणजे माहेरच. थोडं मागे जातो.

निळू फुले घ्या. सेवादलात वाढलेला, वाचणारा, चळवळीतला माणूस. 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बघा (१९७९), आख्ख्या पिक्चरभर हा माणूस जवळजवळ नुसता बघतो, आणि शेवटी आपल्याला त्याची भीती वाटते. आणि ह्याच निळूभाऊंनी किती पिक्चरमध्ये तोच पाटील, तोच वाडा, तोच मिशीला पीळ केला असेल? गावातल्या बायका त्यांना खरंच घाबरायच्या. त्यातले बरेच पिक्चर आज दहा मिनिटं बघवत नाहीत. पण ते आल्यावर चॅनेल बदलतो का कुणी?

आता ह्याची दुसरी टोकं जोडा. ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला डॉ. लागू, निळूभाऊ, तनुजा ह्या मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला काही हातात मिळावं म्हणून. तालुक्याच्या गावांत मैदानं भरली ती कशामुळे? 'सिंहासन' बघून आलेल्यांमुळे नव्हे. वाड्यावरच्या पाटलाला एकदा जवळून बघायचं होतं लोकांना. त्या रद्दड पिक्चरांनी मिळवलेला चेहरा तिथे कामाला आला. हा माझ्या मते ह्या वादातला सगळ्यात गैरसोयीचा मुद्दा आहे, दोन्ही बाजूंना.

सदाशिव अमरापूरकर. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी (१९८३), थंड डोळ्यांचा, आवाज न चढवणारा. पुढे 'सडक'मध्ये महाराणी (१९९१), त्यालाही पुरस्कार. मग हिंदीने त्यांना काय दिलं? आरडाओरडा करणारे खलनायक, एकावर एक. मला त्यांचा कधी राग आला नाही, हिंदी सिनेमाच्या आळसाचा आला.

बाहेरही हेच. मायकेल केनला १९८७ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा तो घ्यायला हजर नव्हता, 'जॉज'च्या चौथ्या भागाच्या शूटिंगला बहामात होता. तो पिक्चर इतका वाईट निघाला की आजही लोक उदाहरण म्हणून देतात. केनचं त्यावरचं उत्तर प्रसिद्ध आहे. पिक्चर मी बघितला नाही, भयंकर आहे असं ऐकतो, पण त्यातून बांधलेलं घर बघितलंय, ते उत्तम आहे. आणि राऊल जुलिया. शेक्सपिअर करणारा रंगभूमीवरचा तालेवार नट. आजारी असताना त्याने १९९४ मध्ये 'स्ट्रीट फायटर' नावाच्या व्हिडिओ गेमवरच्या पिक्चरात खलनायक केला, पोरांना तो गेम आवडायचा म्हणून. पिक्चर पडद्यावर यायच्या आधीच गेला तो. पिक्चर कचराच आहे. जुलिया मात्र त्यात असा उभा आहे जणू त्याला 'मॅकबेथ' मिळालाय. पेटारोंचा राजाच.

केनचं मला चालतं, त्यात लपवाछपवी नाही. जुलियाचं आवडतं. न आवडणारा प्रकार तिसराच, तो म्हणजे वाईट पिक्चरात येऊन वाईटच काम करणारा थोर नट. डोळ्यांत दिसतं की मनाने हा कधीच हॉटेलवर पोचलाय. त्यांच्यासाठी मात्र चाकरमान्यांचा कॉम्प्रेसर लागू.

मुरुडकर
आमच्या गावचा नाना राहिला. 'परिंदा'ला राष्ट्रीय पुरस्कार, 'क्रांतिवीर'ला राष्ट्रीय पुरस्कार, आणि पोरांना विचारा नाना कोण, तर 'वेलकम'मधला उदय शेट्टी. माझ्या नातवाला उदय शेट्टी पाठ आहे. मला आधी राग यायचा, आता मीपण हसतो.

शेवटची_रांग
'वेलकम' वाईट कुठे आहे? वेडगळ आहे. वेडगळ आणि वाईट ह्यात फरक करा. वेडगळ करायला जास्त कसब लागतं.

मुरुडकर
तेच म्हणतोय. दिलीप प्रभावळकर बघा, 'चौकट राजा' पण तेच आणि तात्या विंचू पण तेच. आणि ऐंशी ओलांडल्यावर 'दशावतार' हा पिक्चर. आमच्या वयाच्या माणसाला चालताना धाप लागते.

पेटारो
'दशावतार' बघूक आमच्याकडे लोक टेम्पो करून गेले हुते. पण तो वेगळो विषय, तो काय वाईट पिक्चर न्हय.

चाकरमानी_डोंबिवली
वेडगळ चालेल. तिरडीवरचा गॉगल चालणार नाही. तो वेडगळ नाही, ती टिंगल आहे, कोकणातल्या मयताची. आमच्याकडे मयताच्या घरी तेरा दिवस माणसं कशी वावरतात ते त्या लेखकाने कधी बघितलंय काय? खरं म्हणजे मला जास्त ते लागलंय.

पडवीतून
दादा, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतंत. हेच मला सांगता येत नव्हतं.

क्लॅप_देणारी
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी पाच वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलंय. आता सोडलं, दापोलीला असते.

ज्येष्ठ नटाला पिक्चर 'ऐकवतात'. पूर्ण संहिता हातात क्वचितच. ऐकवणारा उत्साही पोरगा असतो, गोष्ट खरंच बरी असते, त्याच्या डोळ्यांत पाणी वगैरे येतं. ऐकवलेली गोष्ट एक आणि शूट होते ती दुसरी. मध्ये निर्मात्याच्या मेव्हण्याला एक भूमिका हवी असते. कॉमेडी कमी आहे असं कुणीतरी म्हणतं. मी काम केलेल्या एका पिक्चरमध्ये आजोबा-नातीची साधी गोष्ट होती. तीन आठवडे शूट झालं. मग सहा महिन्यांनी भुताची फॅशन आली म्हणून चार दिवसांचं जादा शूट लागलं आणि आजोबांना भूत केलं. त्या आजोबांनी (तेही मोठं नाव) व्हॅनिटीत बसून कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मला म्हणाले, "नातीला माहितीये का मी मेलोय?" मी म्हटलं, नाही सर, तिच्या तारखा नाही मिळाल्या. ते इतके हसले की मेकअप परत करावा लागला. मग सही केली होती म्हणून चार दिवस भूत झाले.

नाही म्हणता येतं का? येतं. पण अर्ध्यात सोडलं तर चाळीस-पन्नास माणसांचं काम थांबतं. लाईटवाले, स्पॉट, ड्रेसवाल्या मावशी. हे जुन्या लोकांना फार लागतं, नवे सरळ मॅनेजरला पुढे करतात.

तरी चाकरमानीदादा पूर्ण चूक नाहीत. पहिल्यांदा फसला म्हणू, दुसऱ्यांदाही म्हणू. सातव्यांदा फसणाऱ्याला माहीत असतं. मीच अशा नटांना फोन करून तारखा मागितल्यात. ते फक्त दोन गोष्टी विचारायचे, किती दिवस आणि राहायची सोय कुठे. गोष्ट विचारायचेच नाहीत. विचारली तर नाही म्हणावं लागेल, म्हणून.

शेवटची_रांग
शेवटचं वाक्य बरोबर ठिकाणी लागलं.

कोकमसरबत
थोडं अवांतर. ताई, युनिटला जेवायला काय काय केलंत? आमच्याकडे मे महिन्यात एक युनिट येतंय म्हणतात.

पडवीतून
युनिटचं जेवण त्यांचं त्यांचं होतं, कॅटरिंगवाला चिपळूणहून यायचा, पनीर आणि पनीर. फक्त त्या ज्येष्ठ नटांना रात्री वेगळं. गुरगुट्या भात, मेतकूट, तूप, पोह्याचा पापड. एक दिवस कुळथाचं पिठलं केलं तर दोनदा मागून घेतलं. कोकमसरबत, तुम्हाला सांगून ठेवते, भाडं आगाऊ घ्या. सगळं. आमचं शेवटच्या पाच दिवसांचं अजून यायचंय. फोन केला की "पिक्चर लागू दे ताई". आता लागला आणि उतरलापण. शाखाधिकारी साहेबांचं ते डबिंगचं वाचून वाटलं, मीपण त्यांची कुठलीतरी वस्तू अडवून ठेवायला हवी होती. तिरडी राहिलीय तेवढी मांगरात.

निवृत्त_शाखाधिकारी
तारण म्हणून चालणार नाही 🙂 करारपत्र असेल तर मला निरोप करा, नोटिशीचा मसुदा करून देतो.

पडवीतून
करेन, आभार. क्लॅप_देणारी, तुमचं वाचल्यावर एक आठवलं ते लिहिते. नारळाच्या शॉटच्या रात्री जेवण झाल्यावर ते पडवीत फोनवर बोलत होते. मी आत भांडी आवरत होते, कान दिला नाही म्हणजे खोटं. पलीकडे बहुतेक नातू असावा. मला वाटलं पिक्चरबद्दल काहीतरी बोलतील. ते सांगत होते, "अरे, आधी रुतवायचा, मग पिळायचा. नाही नाही, मनगट नाही, खांदा. तू ये इकडे, मी दाखवतो." दोन-तीनदा तेच सांगितलं. फोन ठेवल्यावर एकटेच बसून हाताने हवेत पिळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिरडीचा सीन. चार तास. लांबच्या शॉटला बाहुला ठेवू म्हणाले पोरं, तर हे म्हणाले, बाहुला बाहुल्यासारखा दिसतो. आणि उन्हात तसेच निजून राहिले. कॅमेरा सुरू झाला की श्वास धरायचे. मी बघवेना म्हणून आत गेले. जाऊबाई बघत होती, ती म्हणाली, "अगं, खरंच मेल्यासारखे दिसतात." माझ्या सासऱ्यांना त्याच पडवीत ठेवलं होतं. त्यांना ते कुणीतरी सांगितलं असावं, कारण नाचाचा शॉट घ्यायच्या आधी ते स्वतः आत आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची हरकत असेल तर जागा बदलायला सांगतो." मी म्हटलं, नको, उगीच तुमचा खोळंबा.

हरकत आहे म्हणायला हवं होतं. ते एक राहिलंच.

पेटारो
ताईनू, उगी रवा. तुमचो काय दोष न्हय.

चाकरमानी_डोंबिवली
मीसुद्धा तेच म्हणालो असतो, नको म्हणून. घरी आलेल्या माणसाला काय बोलणार.

खाडीपलीकडे
पडवीतून ताई, काल दुपारी टीव्हीवर एक पिक्चर लागला होता. लांब पडवी, जांभ्याचं जोतं, डाव्या हाताला पोफळी, मध्ये पहार. तुमचंच घर ना? नाव इथे लिहीत नाही. नारळाचा शॉट मागे नेऊन परत बघितला, मोबाईलवर वेळ लावून. चार सेकंद नाहीत, सहा आहेत.

पडवीतून
सहा? आम्हाला थेटरात चारच वाटले. आज लाईट आहे, परत लागला तर बघते.